जागतिक मत्स्यविज्ञान आणि भंडाऱ्याचा ढिवर

फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे आशियाई मत्स्यव्यवसाय व जलसंवर्धन परिषदेचे चौदावे अधिवेशन भरले. ही परिषद भरविणारी ‘एशियन फिशरीज सोसायटी’ ही मत्स्यशास्त्रज्ञांची व्यावसायिक संस्था १९८४ साली मनिला येथे स्थापन झाली. १९८६ मध्ये तिची पहिली परिषद त्याच शहरात झाली आणि २००७ मध्ये आठव्या परिषदेचे यजमानपद कोचीला मिळाले. तिची भारतीय शाखा मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयाच्या आधाराने वाढली. अशा परिषदांत शेकडो निबंध वाचले जातात, विद्यापीठाविद्यापीठांत करार होतात, तरुण संशोधकांना परदेशी प्रयोगशाळांची दारे उघडतात. शास्त्राच्या वाढीसाठी हे सारे आवश्यक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि वैनगंगेच्या खोऱ्यातील एखाद्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर जाळे वाळत घालणाऱ्या ढिवराचा या आंतरराष्ट्रीय मैत्रीशी काय संबंध, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. तो विचारला पाहिजे, कारण संबंध आहे आणि तो वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळच जवळचा आहे.

भंडाऱ्याच्या तलावांत आज रोहू, कटला आणि मृगळ या माशांचे बीज सोडले जाते. या माशांचे मूळ घर उत्तरेकडील गंगेचे खोरे. त्यांची खोड अशी की, पुराचे वाहते पाणी मिळाल्याखेरीज ते अंडी घालीत नाहीत. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पुष्ट होतात, पण प्रजोत्पादन करीत नाहीत. बंगालातील बांकुरा-मिदनापूरकडच्या काही बांधांसारखे अपवाद सोडले, तर पूर्वी बीज मिळविण्याचा मार्ग एकच होता. पावसाळ्यात नदीत जाळे लावायचे, जे जिरे हाती लागतील ते मडक्यांत भरायचे आणि रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत धाडायचे. त्यात हव्या त्या माशांबरोबर नको त्या माशांचे बीजही येई आणि प्रवासात बरेचसे मरून जाई.

ही अडचण दूर करणारा शोध कोणा एका देशाचा नव्हे. माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला असता दुसऱ्या माशाच्या जननक्रियेला चालना मिळते, हे १९३० साली अर्जेंटिनात बर्नार्दो हुसाय यांनी दाखवून दिले. हुसाय यांना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते पीयूषिका ग्रंथीवरील कार्याबद्दलच, मात्र माशांसाठी नव्हे. १९३४-३५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग यांनी हे तंत्र मत्स्यपालनात आणले. लाहोरला हमीद खान यांनी १९३७ च्या आसपास मृगळ माशावर प्रयोग केले. आणि १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगूल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना भारतीय कार्प माशांच्या बाबतीत खात्रीलायक यश आले. चौधुरी त्यापूर्वी अमेरिकेतील ऑबर्न येथे शिकून आले होते आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या वतीने आग्नेय आशियातील देशांना मार्गदर्शन करीत राहिले. बाजारात कापल्या जाणाऱ्या माशांच्या डोक्यांतून ग्रंथी काढायच्या, त्या मद्यार्कात टिकवायच्या, कुटून त्यांचा अर्क करायचा आणि तो टोचायचा, असे हे साधे तंत्र. १९८० नंतरच्या दशकात त्याची जागा तयार संप्रेरकाने घेतली. ते कॅनडातील रिचर्ड पीटर आणि चीनमधील लिन हाओरान या दोघांच्या सहकार्यातून निघाले, म्हणून त्या पद्धतीला दोघांच्या नावांवरून ‘लिनपे’ असेच म्हणतात. बीज वाढविण्याची गोलाकार टाक्यांची पद्धतही चीनची, म्हणून आपल्याकडे तिला ‘चायनीज हॅचरी’ हेच नाव पडले.

थोडक्यात, साकोली किंवा लाखांदूरच्या बाजारात तराजूत पडणाऱ्या कटल्यामागे ब्वेनोस आयरिस, अंगूल, एडमंटन आणि ग्वांगझू अशी चार गावे उभी आहेत. भारताचे वार्षिक मत्स्योत्पादन २०२२-२३ मध्ये सुमारे १७५ लाख टनांवर गेले आणि त्यातील १३१ लाख टन एकट्या गोड्या पाण्यातील व अंतर्देशीय क्षेत्रातील होते. या वाढीचा पाया त्या सहकार्याने घातला. शास्त्रज्ञांच्या परदेशवाऱ्यांची थट्टा करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

परंतु हिशेबाला दुसरी बाजूही असते. ज्ञान भंडाऱ्याकडे आले, हे खरे. भंडाऱ्याकडून काय गेले?

नावे गेली, माणसे राहिली

महाराष्ट्रातील माशांचा आधुनिक शास्त्राशी पहिला परिचय झाला तो कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. मुंबई इलाख्यात सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर असताना त्याने दख्खनच्या नद्यांतील मासे पाहिले, त्यांची चित्रे काढविली आणि १८३९ च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकांत त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. नवी शास्त्रीय नावे देताना त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून आज जगातील कोणत्याही देशाचा मत्स्यशास्त्रज्ञ ‘टॉर खुद्री’, ‘गारा मुल्या’, ‘लेबिओ बोगट’ अशी नावे लिहितो, तेव्हा तो नकळत नदीकाठच्या मराठी भोयांची भाषा बोलत असतो. ती नावे साईक्सला कोणी सांगितली, हे मात्र कोणत्याही ग्रंथात नाही. मत्स्यविज्ञानातील आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हा महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत जुना दाखला, आणि त्यातील देवघेवीचा साचा पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे फारसा बदललेला नाही.

भंडाऱ्याजवळ देण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. तलाव बांधण्याची आणि सांभाळण्याची परंपरा, हे त्याचे पहिले उत्तर. गोंड राजांच्या काळी कोहळी समाजाने या प्रदेशात तलाव खोदले. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा राजांचा करार होता, असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात आजही मालगुजारी तलावांची संख्या सहा हजारांच्या घरात भरते. शिवाय शेताशेतांतील लहान बोड्या वेगळ्याच. या तलावांवर धान पिकला, गुरे जगली, शिंगाडा आणि कमळकंद निघाले, आणि ढिवरांनी मासे धरले. प्रत्येकाचा हक्क निराळा आणि तो निस्तारपत्रकात किंवा वहिवाटीत नोंदलेला. एकाच पाण्यावर अनेकांचे हक्क कसे नांदतात, याचा हा जिवंत वस्तुपाठच होता. सामायिक मालमत्तेच्या व्यवस्थापनावर अलीकडे अर्थशास्त्रात जे विपुल लिहिले जाते, त्यातील अनेक प्रमेये भंडाऱ्याच्या पाळीवर पूर्वीच सोडविली गेली होती.

१९५१ साली मालगुजारी नष्ट झाली. जमीनदारीच्या जुलमाचा शेवट झाला, त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांची देखरेख कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, बेशरमीच्या झुडपांनी काठ व्यापले. पाण्याचा कारभार एका खात्याकडे, माशांचा दुसऱ्याकडे, आणि काठावरच्या अतिक्रमणाचा कोणाकडेच नाही, अशी वाटणी झाली. ढिवरांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था निघाल्या, त्यांना तलाव ठेक्याने मिळू लागले, आणि ठेक्याची रक्कम फेडण्यासाठी झटपट वाढणारा मासा हवा झाला. येथे रोहू-कटल्याचे बीज आले.

ते आले नसते तर बरे झाले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्याबरोबर जे ज्ञान यायला हवे होते ते आले नाही. बीज जितके लहान तितके ते स्वस्त, आणि तितकेच ते अधिक मरते. ज्या तलावात मरळीसारखा शिकारी मासा आहे तेथे जिऱ्यांऐवजी बोटभर वाढलेली बोटुकलीच सोडली पाहिजे, हे मत्स्यशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक सांगते. भांडवल नसलेली संस्था मात्र स्वस्त तेच घेते. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की सगळे तलाव एकाच पंधरवड्यात उपसले जातात, भाव पडतो, आणि व्यापारी ठरवील त्या किमतीला माल द्यावा लागतो. नागपूरच्या बाजारात आंध्रातून बर्फात घालून आलेला मासा बारमाही उभाच असतो. हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा आहे. शास्त्रज्ञांच्या परिषदांत त्याला जागा मिळते ती शेवटच्या दिवशीच्या एखाद्या उपसत्रात.

आणि बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट हितकारकच असते असेही नाही. तिलापिया १९५२ साली देशात आला आणि अनेक जलाशयांत अनिर्बंध वाढून बसला. ‘थाई मागूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी माशाच्या पालनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी महाराष्ट्रात तो चोरून वाढविला जात असल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या. मासा सीमा ओलांडतो, पण त्याच्याविषयीचे इशारे परिषदेच्या इतिवृत्तात इंग्रजीत पडून राहतात.

नॉर्वेचे दोन धडे

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे भले आणि बुरे, दोन्ही परिणाम एकाच देशाच्या संदर्भात पाहायला मिळतात. तो देश म्हणजे नॉर्वे. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळच्या कोल्लमजवळील किनाऱ्यावर एक प्रकल्प सुरू झाला. हेतू होता गरीब मच्छीमारांचे जीवनमान उंचावण्याचा. त्यात आरोग्यकेंद्र होते, पाणीपुरवठा होता, सुधारित होड्या होत्या. १९७२ मध्ये तो गुंडाळला गेला तेव्हा त्या भागातील व्यवसायाचे केंद्र गावातल्या माशावरून परदेशी जाणाऱ्या गोठविलेल्या कोळंबीकडे सरकले होते आणि यांत्रिक ट्रॉलर्स भांडवलवाल्यांच्या हाती गेले होते. अर्थशास्त्रज्ञ जॉन कुरियन यांनी या स्थित्यंतराची जी चिकित्सा केली ती नियोजनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. १९८० नंतर केरळच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमारांनी ट्रॉलरविरोधी जी आंदोलने केली, त्यांची मुळे याच काळात शोधावी लागतात. नॉर्वेचा हेतू वाईट नव्हता. पण ज्यांच्यासाठी योजना होती, त्यांना ती आखताना कोणी विचारले नव्हते.

दुसरा धडा १९९२ नंतरचा. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांच्या साहाय्याने रोहू माशाची निवड पद्धतीने सुधारणा हाती घेतली. निरनिराळ्या नद्यांतील रोहू एकत्र आणून पिढ्यान् पिढ्या निवड केली गेली आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ साली, ‘जयंती रोहू’ हे वाण बाहेर पडले. प्रत्येक पिढीत वाढीचा वेग सरासरी सतरा टक्क्यांनी सुधारला. सामन माशावर कमावलेली विद्या रोहूवर लावली गेली, मासा येथलाच राहिला आणि शास्त्रज्ञही येथलेच तयार झाले. सहकार्य असे असावे. मात्र अशा सुधारित वाणाचे अस्सल बीज लहान सहकारी संस्थेच्या तलावापर्यंत पोचविणारी साखळी उभी करणे, हे काम नॉर्वेचे नव्हते. ते येथील खात्यांचे होते आणि ते पुरेसे झाले नाही.

१९८४ या सालाची एक गंमत सांगितली पाहिजे. मनिलात शास्त्रज्ञांची संस्था स्थापन होत होती, त्याच वर्षी रोममध्ये अन्न व शेती संघटनेने मत्स्यव्यवसायावर जागतिक परिषद बोलाविली. तिच्यात प्रत्यक्ष मासे धरणाऱ्यांना स्थान नव्हते, म्हणून मच्छीमार व त्यांच्या हितचिंतकांनी त्याच शहरात आपली वेगळी परिषद भरविली. तिच्यातूनच १९८६ मध्ये त्रिवेंद्रम येथे मच्छीमारांच्या पाठिंब्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. तिचे कार्यालय पुढे चेन्नईत स्थिरावले. २०१४ साली लहान मच्छीमारांविषयीची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे संमत झाली, ती घडविण्यात या संघटनेचा मोठा वाटा होता. तिच्या चंद्रिका शर्मा त्याच वर्षी मलेशियाच्या बेपत्ता झालेल्या विमानात होत्या आणि ती तत्त्वे त्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आली. अंतर्देशीय तलावांवर जगणारेही त्या तत्त्वांच्या कक्षेत येतात आणि पारंपरिक ज्ञानाला त्यांत मान दिलेला आहे. शास्त्रज्ञांची मैत्री एका मार्गाने आणि मच्छीमारांची दुसऱ्या मार्गाने, अशा या दोन समांतर वाटा चाळीस वर्षे चालल्या. त्या एकमेकींना क्वचितच छेदतात.

व्यावसायिक संस्थेने आपल्या शास्त्रापुरते पाहावे, कोळ्या-ढिवरांच्या संघटनेचे काम तिने अंगावर घेऊ नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात काही तथ्य आहे. पण इतिहास वेगळे सांगतो. मत्स्यविज्ञानातील जुन्यात जुनी व्यावसायिक संस्था अमेरिकेची. ती १८७० साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव मत्स्यसंवर्धकांचा संघ असे होते. ती प्रत्यक्ष मासे वाढविणाऱ्यांनी काढली होती, आणि आजचे नाव तिला १८८४ मध्ये मिळाले. १९९२ मध्ये अथेन्सला सुरू होऊन २०२४ मध्ये सिएटलला पोचलेल्या जागतिक मत्स्यपरिषदांच्या परंपरेत या संस्थेचा पुढाकार राहिला आहे. तेव्हा शास्त्रज्ञ आणि उत्पादक यांनी एकाच सभागृहात बसणे ही नवी मागणी नाही. पूर्वी ते बसत होते.

भंडाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त शेजार नॉर्वेचा किंवा अमेरिकेचा नाही, तो श्रीलंकेचा आहे. तेथील कोरड्या प्रदेशात भंडाऱ्यासारखेच हजारो ग्रामतलाव आहेत. ते वर्षातील काही महिनेच भरलेले असतात, आणि त्यांचे पाणीही मुख्यतः भातासाठी राखलेले असते. मूळचे श्रीलंकेचे व पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले सेना डी सिल्व्हा आणि केलानिया विद्यापीठाचे उपाली अमरसिंघे यांनी ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने या तलावांचा अभ्यास केला. पावसानंतर बोटुकली सोडायची, खाद्य विकत न घालता तलावाच्या नैसर्गिक अन्नावर ती वाढू द्यायची आणि पाणी आटण्यापूर्वी काढायची, ही पद्धत त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटनांमार्फत रुजविली. यश माशांच्या जातीइतकेच गावाच्या एकोप्यावर अवलंबून असते, हा त्यांचा निष्कर्ष. सर्व तलाव एकाच वेळी उपसल्याने भाव कोसळतो, ही अडचण तेथेही आली. ती टाळण्यासाठी शेजारच्या गावांनी आपसांत पाळ्या लावून मासे काढावेत, असा विचार तेथे पुढे आला. साकोलीच्या आणि मोहाडीच्या संस्थांना यातील अक्षर न् अक्षर उपयोगी पडेल. पण हे निबंध इंग्रजी नियतकालिकांत आहेत आणि ढिवर संस्थेचा सचिव मराठी वाचतो.

उलट दिशेने, श्रीलंकेला देण्यासारखे भंडाऱ्याकडेही आहे. अर्जुनी मोरगाव तालुका १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होता, आज तो गोंदियात आहे. तेथे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवरांच्या सहकारी संस्थांबरोबर जे काम केले, ते याच जातीचे आहे. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तलावाची जमीन तयार करायची, पाणवनस्पती पुन्हा लावायच्या आणि बाहेरच्या बीजाबरोबरच स्थानिक मासे परत येऊ द्यायचे, असा तो कार्यक्रम. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते, कोणता मासा कोठे अंडी घालतो, हे ज्ञान ढिवरांच्या वृद्धांकडे होते. अभ्यासकांनी ते नोंदले आणि संस्थांनी ते वापरले. मरळ, वाम, मागूर यांच्यासारख्या माशांना स्थानिक बाजारात गिऱ्हाईक आहेच. शिवाय त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही, ही गोष्ट जमाखर्च मांडणाऱ्याने विसरू नये. घरोघरच्या आहारात पडणारा लहान मासा तर कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

या कामाचा आणि जागतिक शास्त्राचा सांधा जुळविण्यासाठी नवे मंडळ किंवा नवी इमारत नको आहे. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईत १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, आणि तिची उभारणीही आंतरराष्ट्रीय साहाय्यानेच झाली. व्यावसायिक संस्थांच्या भारतीय शाखांनी आपल्या नियतकालिकांतील तलावविषयक निबंधांचे मराठी व इतर भाषांतील सारांश छापावेत. परिषदांच्या प्रवेशशुल्कातून दरवेळी काही सहकारी संस्थांच्या प्रतिनिधींचा, आणि त्यांत मासे विकणाऱ्या स्त्रियांचाही, खर्च भागवावा. ज्या तलावात संशोधन झाले, तेथील लोकांचे ऋण निबंधात नावानिशी नोंदवावे. हे सारे करण्यास फार मोठी रक्कम लागत नाही.

आणि एक प्रयोग तर याच पावसाळ्यात होऊ शकेल. एका तालुक्यातील आठ-दहा तलाव निवडावेत. निम्म्या ठिकाणी नेहमीप्रमाणे बीज सोडावे. उरलेल्या ठिकाणी ढिवर संस्थांनी गावातील बोडी भाड्याने घेऊन तीत जिरे वाढवावेत, बोटुकली झाल्यावरच ती तलावात सोडावी आणि मासे काढण्याच्या तारखा आपसांत वाटून घ्याव्यात. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी मोजमाप करावे आणि केलानियाच्या अभ्यासकांना ते पडताळून पाहण्यास बोलवावे. दोन हंगामांचा जमाखर्च हाती आला की ठेक्याच्या रकमेविषयी मत्स्यव्यवसाय खात्याशी बोलताना संस्थेजवळ स्वतःचे आकडे असतील. नोंदवही मात्र संस्थेच्या सचिवाकडेच राहावी आणि ती मराठीत लिहिलेली असावी.